कूलंट आणि अँटीफ्रीझ : सारखे विचारले जाणारे प्रश्न

गाडीवाले, चिलर (पाणी किंवा ग्लायकॉल थंड करून फिरवणारं मशीन) सांभाळणारे, सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) काम करणारे असे सगळेच कूलंटबद्दल विचारत असतात आणि प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून एकदाच सगळे इथे घेतले. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे पुढे किचकट होत जातात. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे नुसता प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. कूलंट आणि अँटीफ्रीझ एकच ना? दुकानात दोन्ही नावांनी एकच डबा देतात.

बोलताना एकच, पण नीट बघितलं तर नाही. अँटीफ्रीझ म्हणजे मूळ द्रव, बहुतेक वेळा ग्लायकॉल आणि त्यात गंज रोखणारी रसायनं. ते पाण्यात मिसळलं की जे मिश्रण इंजिनात किंवा पाइपात फिरतं ते कूलंट. डब्यावर 'कॉन्सन्ट्रेट' लिहिलं असेल तर पाणी तुम्ही घालायचं, 'रेडी टू यूज' किंवा 'प्रीमिक्स' असेल तर अजिबात घालायचं नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, प्रीमिक्समध्ये वर आणखी निम्मं पाणी घातलं की ग्लायकॉल २५ टक्क्यांवर येतं आणि गंज रोखणारी रसायनंही निम्मी होतात. आणि कारखान्यात लेथवर 'कूलंट' म्हणतात ती तर तिसरीच वस्तू, तिच्यासाठी प्रश्न १९ बघा.

२. आमच्याकडे बर्फ कधी पडतच नाही, मग साधं पाणी घातलं तर काय बिघडतं?

बर्फाचा मुद्दा सोडून द्या, तरीही दोन कारणं उरतात. पहिलं, उकळणं. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, ५०-५० इथिलीन ग्लायकॉलचं मिश्रण साधारण १०७ ला, आणि रेडिएटरच्या झाकणामुळे वर साधारण १ बारचा दाब राहिला की तेच १२९ च्या आसपास जातं. घाटात लोड घेऊन चढताना हा फरक कामाला येतो. दुसरं आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं कारण म्हणजे गंज. इंजिनात बिडाचं लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ, सोल्डर असे पाच प्रकारचे धातू एकाच पाण्यात बुडलेले असतात आणि असे वेगवेगळे धातू एका पाण्यात आले की त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजायला लागतो. डब्यात बहुतेक भाग ग्लायकॉलचा असला तरी वर्षानुवर्षं इंजिन वाचवतात ती त्यात असलेली थोडी टक्के रसायनंच. गरम हवेच्या ठिकाणी कूलंट नको म्हणणारे लोक नेमकं हेच विसरतात.

३. किती टक्के घालायचं? जास्त घातलं तर जास्त चांगलं ना?

नाही, आणि हे बऱ्याच जणांना पटत नाही. इथिलीन ग्लायकॉल आकारमानाने ३० टक्के असेल तर मिश्रण सुमारे उणे १६ अंशांपर्यंत टिकतं, ४० टक्क्यांना उणे २४-२५, ५० टक्क्यांना उणे ३७, ६० ला उणे ५० च्याही खाली. मग वाटतं की १०० टक्के म्हणजे काय भारी असेल, पण शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठतं! म्हणजे ७० टक्क्यांच्या आसपास गेलात की त्यापुढे प्रत्येक थेंबाने उलट नुकसान. कारण पाणी आणि ग्लायकॉल एकमेकांना स्फटिक बनवू देत नाहीत, एकटं कुणी राहिलं की ते निवांत गोठतं. त्यात ग्लायकॉल वाढलं की मिश्रण घट्ट होतं, उष्णता कमी वाहून नेतं, पंपावर ताण येतो. साधारण ४० ते ६० च्या मध्ये राहा, ५०-५० ही सवय उगीच पडलेली नाही.

४. थंडीत पाइप गोठले तरी फुटायला नकोत, एवढंच हवंय. मग कमी चालेल का?

चालेल, पण सिस्टिम बंद राहणार असेल तरच. यात दोन वेगवेगळ्या पातळ्या आहेत. एक, द्रव पूर्ण पातळ राहिला पाहिजे म्हणजे पंप कधीही चालू करता येईल. दुसरी, द्रवात बर्फाचा चुरा झाला तरी हरकत नाही, पाइप फुटता कामा नये. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं म्हणून पाइप फुटतात, ग्लायकॉल असेल तर एकदम दगडासारखा बर्फ न होता लिबलिबीत चुरा होतो आणि तो सरकायला जागा शोधतो. त्यामुळे नुसतं फुटणं टाळायला कमी टक्के पुरतात, मात्र फुगायला एक्सपान्शन टँकमध्ये जागा पाहिजे. आणि अशा चुऱ्यात चुकून पंप चालू केला तर पंप गेलाच समजा. कमी म्हणजे किती कमी, त्याची खालची मर्यादा प्रश्न १७ मध्ये.

५. इथिलीन ग्लायकॉल की प्रोपिलीन ग्लायकॉल, काय घ्यावं?

बंद सिस्टिम, माणसाच्या खाण्यापिण्याशी संबंध नाही, तर इथिलीन. पातळ राहतं, उष्णता बरी वाहून नेतं. डेअरी, बिअर, आइस्क्रीम, औषधं, म्हणजे जिथे पाइप गळला तर द्रव मालात जाऊ शकतो तिथे प्रोपिलीन, तेही फूड ग्रेडचं आणि फूड ग्रेडलाच चालणाऱ्या रसायनांसकट. फक्त 'प्रोपिलीन आहे ना' म्हणून गाडीचं प्रोपिलीन कूलंट दुधाच्या प्लँटमध्ये घालू नका, त्यातली गंजविरोधी रसायनं खाण्यासाठी नसतात.

प्रोपिलीनचं दुखणं म्हणजे थंडीत ते फारच घट्ट होतं. ५० टक्क्यांना गोठण्याची मर्यादा उणे ३३-३४ असली तरी उणे २० लाच पंपाला ते ओढताना घाम फुटतो. त्यामुळे कागदावर गोठणबिंदू बघून सिस्टिम ठरवू नका, त्या तापमानाला द्रव किती घट्ट होतो ते आधी बघा.

६. कूलंट विषारी असतं म्हणतात, खरंच का? मुलाने किंवा कुत्र्याने चाटलं तर?

इथिलीन ग्लायकॉल खरंच विषारी आहे आणि वाईट म्हणजे चवीला गोड असतं, त्यामुळे मुलं आणि जनावरं तोंड लावतात. स्वतः ग्लायकॉल फार काही करत नाही, यकृतातलं एन्झाइम त्याचं ग्लायकॉलिक आणि मग ऑक्झॅलिक आम्ल बनवतं, रक्त आम्लधर्मी होतं आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. सुरुवातीला माणूस फक्त दारू प्यायल्यासारखा वाटतो, मग थोडं बरं वाटल्यासारखंही होऊ शकतं, आणि मूत्रपिंडं एक-दोन दिवसांनी बसतात. म्हणून 'आता ठीक आहे, बघू उद्या' असं अजिबात करायचं नाही, डबा सोबत घेऊन लगेच हॉस्पिटल गाठायचं. यावर फोमेपिझोल नावाचं औषध आहे, ते नसेल तर डॉक्टर इथेनॉलही वापरतात कारण ते त्याच एन्झाइमला अडकवून ठेवतं. हा उपाय घरी दारू पाजून करायचा नसतो, हे वेगळं सांगायला लागू नये पण लोक विचारतात. जनावरांमध्ये मांजरांना तर अगदी थोडंही पुरतं.

काही उत्पादक चव कडू करायला डेनाटोनियम बेंझोएट घालतात, पण त्यावर भरवसा ठेवून जमिनीवर सांडलेलं तसंच सोडू नका. प्रोपिलीन ग्लायकॉल त्या मानाने बरंच सुरक्षित. तिसरं भावंडं डायइथिलीन ग्लायकॉल, तेही विषारी. १९३७ साली अमेरिकेत एका औषधात ते द्रावक म्हणून वापरलं गेलं आणि शंभरच्या वर लोक गेले, तर १९८५ साली ऑस्ट्रियात वाइन गोडसर लागावी म्हणून त्यात तेच मिसळल्याचं उघड झालं.

७. माझं हिरवं आहे, दुकानदार गुलाबी देतोय. रंग बघून घ्यायचं का?

रंगाला शून्य अर्थ आहे. ग्लायकॉलला स्वतःचा रंग नसतो, रंग कंपनी टाकते, आणि कुणी कुठला टाकायचा याचा जगभर चालेल असा नियम नाही. पूर्वी हिरवं म्हणजे जुन्या पद्धतीचं आणि केशरी म्हणजे ओएटी (प्रश्न ८) असं ढोबळमानाने चालायचं, आता हिरवं ओएटीही मिळतं. रंगाचा खरा उपयोग एकच, गळती कुठून होतेय ते दिसतं. घेताना गाडीच्या किंवा मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं स्पेसिफिकेशन डब्यामागे छापलंय का ते बघा.

८. आयएटी, ओएटी, एचओएटी ही काय भानगड आहे?

तिघांतही ग्लायकॉल साधारण तेच, फरक गंजविरोधी रसायनांचा. आयएटी म्हणजे जुनी पद्धत, सिलिकेट, फॉस्फेट वगैरे. हे सगळ्या धातूवर पटकन थर चढवतात, पण लवकर संपतात, म्हणून साधारण २ वर्षांत बदलायचं. ओएटी म्हणजे सेंद्रिय आम्लांचे क्षार, हे जिथे गंज सुरू होतोय तिथेच जाऊन बसतात, हळू खर्च होतात, म्हणून ५ वर्षं किंवा जास्त चालतात. एचओएटी म्हणजे ओएटीमध्ये थोडं सिलिकेट किंवा दुसरं काही मिसळलेलं.

यात देशोदेशीच्या आवडी आहेत आणि त्यामागे कारणंही आहेत. युरोपात पाणी जड, त्यात फॉस्फेट गेलं की खवले बसतात म्हणून त्यांना फॉस्फेट नको. जपानी कंपन्यांना सिलिकेट नको, वॉटर पंपच्या सीलला ते घासतं असं त्यांचं म्हणणं, म्हणून त्यांच्याकडे फॉस्फेट असलेलं ओएटी. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून तर 'सगळ्या गाड्यांना चालेल' असं लिहिलेल्या डब्याबद्दल मी जरा सावध असतो.

९. चुकून दोन वेगळी कूलंट मिसळली गेली, आता इंजिन जाईल का?

लगेच काही होत नाही, घाबरू नका. होतं काय, तर दोन्हीची रसायनं अर्धवट पातळ होतात आणि ५ वर्षांचं कूलंट २ वर्षांच्या हिशोबावर येतं. काही जोड्यांमध्ये मात्र सिलिकेट बाहेर पडून जेलीसारखा गाळ होतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या, हीटर कोअर चोक होतात. रस्त्यात लेव्हल कमी झाली आणि जवळ वेगळंच कूलंट असेल तर थोडं घालून घरी या, नुसतं शुद्ध पाणी मिळालं तर ते त्याहून बरं, आणि मग सवडीने सगळं काढून फ्लश करून एकच प्रकार भरा. आणि हो, गरम इंजिनचं झाकण उघडायचं नाही. आत १०० अंशांच्या वरचं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल केलं की त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं.

१०. नळाचं पाणी चालतं का? आरओचं चालेल?

नळाचं शक्यतो नको. जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम गरम भागावर खवल्यासारखं बसतं आणि तिथे उष्णता अडते, क्लोराइड असेल तर अ‍ॅल्युमिनियमला बारीक बारीक खड्डे पाडतं. डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणी उत्तम. आरओ नळापेक्षा पुष्कळ बरं, पण घरगुती आरओमध्ये चवीसाठी परत मिनरल घालणारी काडतुसं असतात, ती असतील तर काय उपयोग. नुसतं शुद्ध पाणी रसायनांशिवाय भरून ठेवणंही वाईटच.

११. टक्केवारी मोजायची कशी, आणि कमी निघाली तर किती घालायचं?

रिफ्रॅक्टोमीटर घ्या, म्हणजे द्रवातून प्रकाश किती वळतो त्यावरून टक्के दाखवणारं छोटं यंत्र. तरंगणाऱ्या गोळ्यांचं हायड्रोमीटर स्वस्त पडतं, पण प्रोपिलीनला ते निरुपयोगी, कारण त्याची घनता पाण्याच्या फार जवळ असते आणि ७०-७५ टक्क्यांनंतर तर ती उलटी उतरायला लागते. रिफ्रॅक्टोमीटरमध्येही इथिलीन आणि प्रोपिलीनच्या पट्ट्या वेगळ्या असतात, बरोबर पट्टी वाचा. दोन्ही ग्लायकॉल मिसळलेले असतील तर कुठलीच पट्टी खरं सांगत नाही.

गणित असं. समजा ४०० लिटरची सिस्टिम आहे, २० टक्के निघालं, पाहिजे ४०. वरून ओतायला जागा नाही म्हणजे आधी काढावं लागणार. काढायचे लिटर = एकूण गुणिले (पाहिजे वजा आहे) भागिले (१०० वजा आहे), म्हणजे ४०० गुणिले २० भागिले ८० बरोबर १०० लिटर. १०० लिटर काढा, १०० लिटर कॉन्सन्ट्रेट घाला, एक-दोन तास फिरू द्या आणि मग परत मोजा. लगेच मोजलं तर नमुना कुठून घेतला त्यावर आकडा बदलतो.

१२. दिसायला तर स्वच्छ आहे, मग बदलायचं कशाला?

कारण ग्लायकॉल संपत नाही, रसायनं संपतात, आणि ती डोळ्याला दिसत नाहीत. गोठणबिंदू अगदी बरोबर दाखवणारं कूलंट आतून धातू खात असू शकतं. गरम होऊन आणि हवा लागून ग्लायकॉलची हळूहळू आम्लं बनतात, पीएच खाली येतो. पट्टीने पीएच बघता येतो, नवीन असताना किती होता ते लिहून ठेवलेलं असेल तर जास्त कळतं, कारण ओएटीचा पीएच मुळातच आयएटीपेक्षा कमी असतो, एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. मोठ्या सिस्टिमचा नमुना वर्षातून एकदा लॅबला पाठवणं सगळं बदलण्यापेक्षा केव्हाही परवडतं, तिथे रसायनं कमी दिसली तर नुसती तीच घालता येतात.

१३. ट्रक किंवा जनरेटरच्या मोठ्या डिझेल इंजिनात कारचं कूलंट चालतं का?

वेट लायनर असेल तर नको. अशा इंजिनात लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीच्या, बाहेरच्या अंगाला थेट कूलंट लागतं, प्रत्येक फायरिंगला लायनर थरथरतो, द्रवात अतिशय बारीक बुडबुडे होतात आणि लायनरच्या भिंतीवर फुटतात. फुटताना एवढा जोर की धातूचे कण उडतात, आणि काही दिवसांनी लायनरला आरपार भोक पडून पाणी ऑइलमध्ये. यासाठी हेवी ड्युटी कूलंटमध्ये नायट्राइट किंवा नायट्राइट-मॉलिब्डेट घालतात, ते पृष्ठभागावर सारखा नवा थर धरून ठेवतं, आणि नायट्राइट नसलेल्या ओएटीमध्ये हेच काम सेंद्रिय आम्लं करतात. एएसटीएम या अमेरिकन मानक संस्थेचे दोन मानक लक्षात ठेवा, डी३३०६ हलक्या गाड्यांसाठी आणि डी६२१० जड कामाच्या इंजिनांसाठी. नायट्राइटवाल्या कूलंटमध्ये ते मधूनमधून पट्टीने तपासून पूरक रसायन घालावं लागतं, पण जास्तही ओतू नका, जादा झालं की सोल्डर आणि सीलला त्रास होतो.

१४. कूलंट चॉकलेटी झालंय, वर साय आल्यासारखं दिसतंय.

साय असेल तर त्यात ऑइल आहे. ऑइल कूलर फुटला असेल किंवा हेड गॅस्केट. इंजिन चालवू नका, कारण उलटं पाणी ऑइलमध्ये गेलं तर बेअरिंग जातात. नुसता लालसर-तपकिरी रंग, तेलकटपणा नाही, तर तो गंज, म्हणजे रसायनं संपून बरेच दिवस झालेत.

१५. गाडीचं कूलंट स्वस्त मिळतं, तेच चिलरमध्ये भरलं तर?

करू नका. गाडीच्या कूलंटमधलं सिलिकेट मोठ्या सिस्टिममध्ये हीट एक्स्चेंजरच्या पत्र्यांवर जेल होऊन बसतं आणि पंपाचे सील खातं. गाडीत ते ठरलेल्या वेळी सगळं बदलायचं असतं, चिलरमधलं ग्लायकॉल दहा-पंधरा वर्षं राहावं अशी अपेक्षा असते. त्यासाठी बहुतेक वेळा फॉस्फेटवर आधारलेलं इंडस्ट्रियल ग्लायकॉल मिळतं. उलट टोकाची चूक म्हणजे ड्रममधलं कोरं ग्लायकॉल आणून भरणं. रसायनांशिवायचं ग्लायकॉल-पाणी लोखंडाला साध्या पाण्यापेक्षा जास्त खाऊ शकतं, कारण त्यातून बनणाऱ्या आम्लांना आवरायला कुणीच नसतं.

अजून एक, लाइनमध्ये गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर ग्लायकॉल घालण्याआधी तो बदला. आतलं जस्त रसायनांशी भिडतं, त्याचा गाळ होतो आणि रसायनंही संपतात.

१६. ग्लायकॉल भरल्यापासून चिलर कमी थंड करतोय, मशीन बिघडलं का?

बहुतेक नाही. पाणी एका किलोला, एका अंशाला ४.१८ किलोज्यूल उष्णता घेतं, ५० टक्के इथिलीन ग्लायकॉल साधारण ३.३. म्हणजे तेवढीच उष्णता न्यायला जास्त प्रवाह लागणार आणि मिश्रण घट्ट असल्यामुळे तो जास्त प्रवाह ढकलायला पंप मोठा लागणार. म्हणूनच गरजेपेक्षा जास्त टक्के ठेवणं म्हणजे रोज वीज जाळणं. कंट्रोलरमध्ये द्रवाचा प्रकार 'पाणी' असाच राहिलाय का तेही बघा, फ्रीझ अलार्म आणि फ्लोचे आकडे त्यामुळे चुकतात. आणि पाणी असताना न गळणारे जॉइंट ग्लायकॉल भरल्यावर पाझरायला लागले तर नवल नको, ते बारीक फटीतून जास्त सहज सरपटतं.

१७. थंडी फारशी नाही, १० टक्के टाकून ठेवतो, चालेल?

हे सगळ्यात वाईट टक्के. कमी ग्लायकॉल म्हणजे जिवाणूंचं जेवण. २५-३० टक्क्यांच्या वर त्यांना जगता येत नाही, खाली आलं की ते ग्लायकॉल खातात, आम्ल सोडतात, पाइपात बुळबुळीत थर होतो आणि वास मारतो. त्यामुळे एक तर २५ ते ३० टक्क्यांच्या वर राहा, नाहीतर ग्लायकॉल अजिबात नको, साधं पाणी आणि पाण्याची वेगळी ट्रीटमेंट.

१८. ग्लायकॉलच का, मीठपाणी का नाही? बर्फाच्या कारखान्यात तर तेच असतं.

असतंच, आणि चांगलं काम करतं. साधं मीठ २३ टक्क्यांना उणे २१ अंशांपर्यंत नेतं, कॅल्शियम क्लोराइड ३० टक्क्यांच्या आसपास उणे ५० च्याही खाली. स्वस्त, पातळ, उष्णता भरपूर नेणारं. फक्त ते लोखंडाचा वैरी आहे, थोडी हवा लागली की गंज धडाधड, त्यामुळे रसायन आणि पीएचवर सतत लक्ष ठेवावं लागतं. मधला मार्ग म्हणजे पोटॅशियम फॉर्मेट किंवा अ‍ॅसिटेट, खूप थंडीतही पातळ राहतात आणि ग्लायकॉलइतके घट्ट होत नाहीत, पण जस्त आणि सोल्डरला ते चालत नाहीत.

१९. सीएनसी आणि लेथवरचं दुधाळ कूलंट, तेही अँटीफ्रीझच का?

नाही, त्याचा अँटीफ्रीझशी काही संबंध नाही. ते कटिंग फ्लुइड, टूल आणि जॉबच्या मध्ये थंडावा आणि वंगण दोन्ही देणारं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एफ. डब्ल्यू. टेलर या अमेरिकन इंजिनिअरने दाखवलं की टूलवर पाण्याची जोरदार धार सोडली तर कटिंग स्पीड ३० ते ४० टक्के वाढवता येतो, पण नुसतं पाणी मशीन गंजवतं. म्हणून सोल्युबल ऑइल आलं, पाण्यात तेलाचे बारीक थेंब, म्हणून दुधाळ. पुढे सेमी-सिंथेटिक आणि तेल नसलेलं सिंथेटिक. साधारण ५ ते १० टक्के ठेवतात.

मिसळताना पाण्यात ऑइल ओतायचं, ऑइलमध्ये पाणी नाही, नाहीतर दुधाऐवजी गुठळ्या. रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा थेट टक्के नसतो, डब्यावर फॅक्टर दिलेला असतो, फॅक्टर १.५ आणि वाचन ४ म्हणजे ६ टक्के. लेव्हल उतरली की नुसतं पाणी घालू नका आणि नुसतं कडक मिश्रणही नको, पाणी उडून गेलेलं असतं म्हणून एक-दोन टक्क्यांचं हलकं मिश्रण घाला. आणि इंजिनचं नायट्राइटवालं कूलंट चुकूनही या टँकमध्ये नको, कटिंग फ्लुइडमध्ये अमाइन असतात, नायट्राइट आणि अमाइन मिळून नायट्रोसअमाइन होऊ शकतात आणि त्यांचं नाव कॅन्सरशी जोडलेलं आहे.

२०. सुट्टीनंतर मशीन चालू केली की सडक्या अंड्याचा वास येतो, काय करू?

सुट्टीत पंप बंद, स्लाइडवेचं (मशीनचे भाग ज्यावर सरकतात त्या पट्ट्या) गळलेलं ऑइल वर तरंगून झाकणासारखं बसलेलं, खाली हवा नाही. अशा जागी वाढणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तोच वास. वरचं तेल स्किमरने काढा, सुट्टीतही थोडा वेळ पंप फिरेल किंवा हवा सोडली जाईल असं बघा, टक्केवारी ठरलेली ठेवा आणि पीएच ८.५ ते ९.५ मध्ये ठेवा. बायोसाइड हा शेवटचा उपाय, मनाने जास्त ओतलं तर ऑपरेटरच्या हाताला खाज आणि चट्टे. टँक बदलताना तळाचा चुरा आणि गाळ घासून काढला नाही तर नवं कूलंट आठवड्यात तसंच होतं. टँकमध्ये उरलेला चहा आणि थुंकी टाकणाऱ्यांबद्दल काय बोलणार.

२१. फ्रिज-एसीतला गॅस म्हणजे पण कूलंटच ना?

तो रेफ्रिजरंट. तो द्रवाचा वायू आणि वायूचा द्रव होत राहतो आणि त्या बदलात उष्णता ओढतो. कूलंट बहुतेक वेळा द्रवच राहून उष्णता इकडून तिकडे नेतं. मोठ्या प्लँटमध्ये दोन्ही असतात, रेफ्रिजरंट ग्लायकॉलला थंड करतो आणि ग्लायकॉल पुढे फिरतं. अमोनिया दोन्ही बाजूंना दिसतो, कोल्ड स्टोरेजमध्ये रेफ्रिजरंट, आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेरच्या लाइनमध्ये नुसतं फिरणारं द्रव कूलंट. आतल्या लाइनमध्ये मात्र तिथे पाणी आहे, अमोनिया माणसांच्या जवळ नको म्हणून.

२२. ट्रान्सफॉर्मरमधलं तेल आणि ते पाण्यात बुडवलेले सर्व्हर, ते कसं चालतं?

सर्व्हर पाण्यात बुडवत नाहीत, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवतात. ट्रान्सफॉर्मरचं खनिज तेल त्याच जातीचं, थंडही करतं आणि इन्सुलेशनही देतं. आग लागू नये म्हणून आता वनस्पती तेलापासूनचे एस्टरही वापरतात, त्यांचा फायर पॉइंट ३०० अंशांच्या वर असतो. सर्व्हरसाठी फ्लोरिनवाले द्रव चालायचे, पण थ्रीएम कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२५ संपेपर्यंत पीएफएएस (निसर्गात सहज न मोडणारी फ्लोरिनवाली) रसायनं बनवणं बंद करणार, तेव्हापासून लोक दुसरे पर्याय शोधतायत. जिथे सर्व्हर न बुडवता चिपवरच्या थंड प्लेटमधून द्रव फिरवतात तिथे बऱ्याचदा २५ टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल असतं. वीज केंद्रातल्या मोठ्या जनरेटरमध्ये तर चक्क हायड्रोजन भरतात, तो हवेच्या साधारण सातपट चांगली उष्णता वाहतो.

२३. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन नाही, मग कूलंट कशाला? आणि साधं चालेल का?

बॅटरी, मोटर, इन्व्हर्टर सगळे तापतात, आणि बॅटरीला तर थंडीत गरमही करावं लागतं, त्याच द्रवाने. साध्या कूलंटमधली रसायनं क्षार असतात, म्हणजे वीज वाहून नेतात. पॅकच्या आत गळलं तर शॉर्टचा धोका, म्हणून अनेक कंपन्या कमी वाहकतेचं कूलंट सांगतात. फ्युएल सेलमध्ये तर द्रव थेट व्होल्टेज असलेल्या भागातून जातो, तिथे वाहकता फारच कमी लागते आणि आयन पकडणारा फिल्टर बसवतात. पुस्तकात वेगळं सांगितलं असेल तर तेच घाला, आणि पॅकच्या लाइनला घरी हात लावू नका.

२४. सोलर वॉटर हीटरमध्ये प्रोपिलीन भरलं होतं, दोन वर्षांत काळं झालं. माल खराब होता का?

माल चांगला असूनही असं होतं. भर उन्हात पंप बंद पडला किंवा पाणी कुणी वापरलंच नाही तर कलेक्टरमधलं द्रव २०० अंशांकडे जाऊ शकतं, व्हॅक्यूम ट्यूब असेल तर त्याच्याही वर. तिथे ग्लायकॉल जळतं, आम्लं आणि डांबरासारखा काळा थर होतो. यासाठी जास्त तापमानाला टिकणारं सोलरचंच ग्लायकॉल घ्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पंप बंद का पडतो ते आधी शोधा.

२५. जुनं कूलंट गटारात ओतलं तर? पाण्यात विरघळतं ना.

विरघळतं हाच प्रॉब्लेम आहे. ग्लायकॉल जिवाणू खातात, पण खाताना पाण्यातला ऑक्सिजन एवढा ओढून घेतात की मासे गुदमरतात, विमानतळावर विमानांवर मारलेलं ग्लायकॉल वेगळं गोळा करतात ते त्यासाठीच. वापरलेल्या कूलंटमध्ये वर तांबं, सोल्डरचं शिसं आलेलं असतं. डब्यात भरून, ऑइलमध्ये न मिसळता, टाकाऊ रसायनं घेणाऱ्याकडे द्या. ग्लायकॉल गाळून, ऊर्ध्वपातन करून, नवी रसायनं घालून परत वापरता येतं. कटिंग फ्लुइडचं तसं होत नाही, आधी त्यातलं तेल फोडून वेगळं करावं लागतं.

२६. बिनपाण्याचं कूलंट मिळतं, आयुष्यभर बदलायचं नाही म्हणे. घ्यावं का?

ते जवळपास सगळं ग्लायकॉलच, इथिलीन आणि प्रोपिलीन मिळून, म्हणून प्रश्न ३ मधली शुद्ध ग्लायकॉलची अडचण टळते. फायदा खरा आहे, १८०-१९० अंशांपर्यंत उकळत नाही, सिस्टिममध्ये दाब जवळजवळ राहत नाही, पाणी नाही म्हणून गंज कमी. जुन्या, हौसेच्या, फार न चालणाऱ्या गाड्यांना मला ते पटतं. पण उष्णता ते पाण्याच्या मिश्रणापेक्षा कमी नेतं, त्यामुळे तेच इंजिन थोडं जास्त गरम चालतं, आणि उकळत नाही म्हणून सुई वर गेलेली लक्षात यायला उशीर होतो. भरण्याआधी आतलं पाणी पूर्ण काढावं लागतं, आणि रस्त्यात गळलं तर पाणी घालून भागवायचं म्हणजे एवढे पैसे पाण्यातच. रोज लोड ओढणाऱ्या गाडीला मी तरी पुस्तकात लिहिलेलं ५०-५० च घालेन.